नागचाफा नागचाफा करत तीन भलतीच झाडं आणली, आता तुम्हीच सांगा

डिचोलीकरीण:

नमस्कार मंडळी. मी गोव्यात डिचोलीला असते, माहेर कोल्हापूरकडचं, त्यामुळे इकडची झाडं आणि इकडची नावं दोन्हीत माझी बोंबच आहे. झालंय असं की सासूबाईंच्या माहेरी, सत्तरी तालुक्यात, देवळाच्या मागे चाफ्याचं एक मोठं झाड होतं, ते तौक्ते वादळात म्हणजे मे २०२१ मध्ये मुळासकट आडवं झालं. तेव्हापासून आईंनी धोशा लावलाय की आपल्या दारात तो चाफा हवा. मी म्हटलं त्यात काय एवढं, म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात गेले आणि चाफ्याची एक हातभर फांदी घेऊन आले, पांढरी फुलं मधे पिवळी असणारा. आईंनी ओसरीवरूनच बघितलं आणि म्हणाल्या, "हो न्हंय गो! मसणांतलो चांफो दारांत कित्याक हाडलो?" (म्हणजे हा नव्हे, मसणातला चाफा दारात कशाला आणला?)

बरं. ती फांदी गेली मागच्या कुंपणाला. पुढच्या वर्षी कलमी सोनचाफा आणला, साडेतीनशे रुपये मोजून, तो छान लागला, वर्षभरात फुललासुद्धा, आई रोज देवाला घालतात, पण "हा चांगला असा, पण तो न्हंय. तो धवो." म्हणजे पांढरा. तेव्हा कुठे पहिल्यांदा त्यांच्या तोंडून "नागचाफा" हा शब्द बाहेर पडला (आधी सांगायला काय झालं होतं ते मला विचारू नका, मीही विचारलं नाही). मग एका नर्सरीत गेले, तिथल्या माणसाने एका मिनिटात नागचंपा काढून दिला, पानं बघा म्हणाला, नागाच्या फण्यासारखी आहेत की नाही. मला पटलं. आता त्याला दोन वर्षं झाली, बारा महिने पांढऱ्या फुलांचे गुच्छ लगडलेले असतात, शेजारणी फोटो काढतात, पण वास शून्य! आई सकाळी एक फूल नाकाला लावतात आणि माझ्याकडे बघतात. बोलत काही नाहीत, नुसतं बघतात.

तर चाफे आहेत तरी किती, आणि यातला आईंचा कुठला?

---

कुळागरवाला:

ताई, तुमचा तिसरा चाफा ओळखणं सोपं आहे, तो प्लुमेरिया पुडिका. पनामा, कोलंबिया, व्हेनेझुएला त्या बाजूचा. चमच्यासारखं पान, टोकाला पसरट, म्हणून नर्सरीवाल्यांनी त्याला नागचंपा करून टाकलाय आणि आता बिलावरही तेच छापतात. तुमचा पहिला जो मसणातला म्हणून हाकलला गेला त्याचा हा सख्खा भाऊ, फक्त वास घेऊन न आलेला. पान तोडून बघा, दोघांनाही पांढरा चीक येईल. (चीक डोळ्याला लावू नका, अंगाला लागला तर काहींना खाज येते.)

खरा नागचाफा म्हणजे नागकेशर, मेसुआ फेरिया. त्याचा या चिकाच्या चाफ्यांशी काडीचा संबंध नाही. तुमचा सोनचाफा तिसऱ्याच घरचा, तो मॅग्नोलियाच्या कुळातला.

माझं म्हणणं असं की चाफा हे झाडाचं नाव समजूच नका, आडनाव समजा. आमच्या वाड्यावर नाईकांची अकरा घरं आहेत, त्यातल्या चार घरांना एकमेकांचं सुतक येतं, बाकीचे नुसते नाईक. पोस्टमन नवीन असला की मनीऑर्डर फिरत राहते. तसंच आहे हे. वास गोड, फूल पांढरं किंवा पिवळं, देवाला चालतं, झालं, लावा आडनाव चाफा.

---

मांद्र्याची अबोली:

कोणी हिरव्या चाफ्याचं नाव कसं घेतलं नाही?? आमच्या आजोळी विहिरीवर होता. झाड म्हणावं तर झाड नाही, वेल म्हणावी तर वेल नाही, झुडूप असतं पण वाढत वाढत शेजारच्या आंब्यावर चढतं, आणि चढायला काय वापरतं तर फुलाचा देठच आकड्यासारखा वाकवून फांदीला अडकवतं. फूल आधी हिरवंगार, पानात असं लपतं की नाकासमोर असलं तरी दिसत नाही. आम्ही पोरं संध्याकाळी विहिरीवर जायचो आणि नुसती हुंगत फिरायचो, वास येतोय पण फूल कुठाय, वाऱ्याची दिशा बदलली की सगळी पलटण दुसऱ्या बाजूला. वास कसला म्हणाल तर पिकलेल्या फळाचा, कोण म्हणे फणस कोण म्हणे केळं, माझी मावशी म्हणायची अननस. पिकून पिवळं झालं की सापडायचं, पण तोवर निम्मी मजा गेलेली. जाड सहा पाकळ्या असतात, मोजून बघा कधी. आणि नंतर कळलं की हा सीताफळाच्या कुळातला आहे! म्हणजे ज्याला आम्ही चाफा म्हणून वेणीत माळलं तो सीताफळाचा चुलतभाऊ.

ताई तुमच्या आईंचा हा नसणार कारण त्यांना पांढरा हवाय, पण लावाच एक. विहीर नसली तरी चालेल.

---

तारवटी रिटायर्ड:

पांढऱ्या चाफ्याला मसणातला म्हणू नका हो, वाईट वाटतं. आमच्या घराजवळच्या सिमितेरीत (ख्रिस्ती दफनभूमीत) आहे हे खरं, पण गोव्यातल्या किती देवळांच्या आवारातही आहे, फुलं पायरीवर पडलेली असतात. मी जहाजावर होतो, एकदा घरी येताना बँकॉकच्या विमानतळावर लाओसचं विमान उभं होतं, त्याच्या शेपटीवर हाच आपला पांढरा चाफा रंगवलेला. शेजारच्या प्रवाशाला विचारलं तर म्हणाला आमचं राष्ट्रीय फूल, डोक चंपा. डोक म्हणजे फूल. मी म्हटलं अरे चंपा तर आमचा शब्द! झाड मूळचं अमेरिका खंडातलं, नाव गेलं आपल्याकडून, आणि मिरवतंय लाओसच्या विमानावर. आमच्या तारवट्यांसारखंच झालं, जन्म एकीकडे, पासपोर्ट दुसरीकडचा.

---

निवृत्त मास्तर:

वरील चर्चा वाचून आनंद झाला. थोडी भर घालतो, लांबण लागली तर माफी असावी.

हा नावांचा घोळ आजचा नाही आणि नर्सरीवाल्यांनी सुरू केलेलाही नाही. केरळात डच गव्हर्नर व्हान रीड याने सतराव्या शतकात हॉर्टस मलबारिकस नावाचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात आपला सोनचाफा "चंपकम" या नावाने आहे आणि आपला नागचाफा आहे "बेलुत्ता चंपकम" म्हणून. बेलुत्ता म्हणजे मल्याळममधला वेलुत्त, म्हणजेच पांढरा. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही तिकडचे लोक नागकेशराला पांढरा चाफाच म्हणत होते. डिचोलीकरीणताईंच्या सासूबाई "तो धवो" म्हणाल्या ते वाचून मला प्रथम हेच आठवलं.

आणि गोव्याच्या माणसाने मान ताठ करावी अशी गोष्ट म्हणजे या कामात तीन कोंकणी वैद्य होते, रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट. मूळ गोव्यातून कोचीला गेलेल्या समाजातले. त्यांनी १६७५ साली लिहून दिलेला कोंकणी दाखला, नागरी अक्षरात, पहिल्या खंडात जसाच्या तसा छापलेला आहे. तेव्हा झाडांची नावं तपासून घ्यायची आपली खोड जुनी आहे.

लॅटिन नावाने सगळे प्रश्न सुटतात असं आमचे कुळागरवाले म्हणतील. सुटतात, पण तीही माणसांनीच दिलेली नावं. सोनचाफ्याला लिनियसने १७५३ साली मिशेलिया चंपाका म्हटलं, आम्ही तेच पाठ केलं, मुलांना शिकवलं, आणि आता म्हणतात मॅग्नोलिया चंपाका म्हणा. निदान चंपाका ठेवलंय हे नशीब.

---

कुळागरवाला:

मास्तर मी असं काही म्हटलेलं नाही 😄 पण नर्सरीत जाताना लॅटिन नाव कागदावर लिहून न्यायचं, एवढं मात्र नक्की म्हणतो. कारण पुढे विशेषण लावूनही सुटका नसते. नागचंपा मागितला की कोणी मेसुआ देईल, कोणी पुडिका देईल, आणि एका ठिकाणी तर मला कैलासपती दाखवला होता, ज्याला तोफगोळ्यासारखी फळं खोडावर लागतात तो. का तर त्याच्या फुलात नागाचा फणा आणि खाली पिंड दिसते. कनकचंपाचंही तेच, एक मोठ्ठं मुचकुंदाचं झाड, पान ताटाएवढं, आणि एक ऑक्नाचं झुडूप, पिवळं फूल गळून गेल्यावर खालची निदलं लालभडक होतात ते, दोघांनाही कनकचंपा म्हणतात. उंडीच्या झाडाला हिंदीत सुलतान चंपा. आणि भुईचाफा तर झाडही नाही झुडूपही नाही, हळद-आल्याच्या कुळातला कंद आहे, माझ्याकडे माडाच्या आळ्याशेजारी आहे, मे महिन्यात जमीन ठणठणीत असते, पानाचा पत्ता नसतो आणि मातीतून थेट फूल वर येतं, पांढरं-जांभळं. पहिल्यांदा मी कुणीतरी फूल तोडून टाकलंय समजून उचलायला गेलो होतो.

---

सोमवारी उपास:

आणि नागचंपा अगरबत्ती? ती यातल्या कशाची? 🙂

---

कुळागरवाला:

ती चंदन आणि चाफ्याच्या वासाची. चाफा कुठला ते ज्याने केली त्याला विचारा.

---

डिचोलीकरीण:

बापरे, दोन दिवस बघितलं नाही तर एवढं सगळं. सगळ्यांचे आभार. आईंना सगळं वाचून दाखवलं. लाओसचं विमान त्यांना फार आवडलं पण मसणातला तो मसणातलाच यावर त्या ठाम आहेत.

आता त्यांची उलटतपासणी केली ती सांगते. झाड मोठं, सरळ, लाकूड असं जड की वादळानंतर कापायला आलेला माणूस करवतीची पाती बदलून बदलून वैतागला. चीक नाही. फूल पांढरं, मधे पिवळ्या केसरांचा झुबका, वास लांबवर. पाकळ्या किती विचारलं तर चार बोटं दाखवली. बियांचं तेल पूर्वी दिव्यात घालायचे. आणि मी मसाल्यातल्या नाकेश्वराबद्दल, म्हणजे नागकेशराबद्दल, विचारलं तेव्हा म्हणाल्या तो आम्ही दुकानातून आणायचो, देवाच्या झाडाच्या कळ्या कोण तोडतंय.

मग जुळलं का? की अजून काही तिसरंच?

---

मांद्र्याची अबोली:

चार पाकळ्या, पांढरं, पिवळे केसर, वास लांबवर, ही तर सुरंगीसुद्धा असू शकते! आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चात सुरंगीचे वळेसार (गजरे) विकायला येतात, बसमध्ये एका बाईने माळला असला तरी शेवटच्या सीटपर्यंत कळतं.

---

मसाल्याचं दुकान:

इथे मी बोलू शकतो कारण आमचा धंदाच हा, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, दिवसांत मालवणी मसाल्याचं सामान बांधून बांधून हात दुखतात. नागकेशर म्हणून बाजारात जे येतं ते सगळं नागकेशराच्या झाडाचं नसतं. तांबूस रंगाच्या गोल बारीक कळ्या येतात ना, त्या बऱ्याच वेळा सुरंगीच्या वाळवलेल्या कळ्या, त्याला लाल नागकेशर म्हणतात. काळं नागकेशर म्हणून अजून एक येतं ते दालचिनीच्या जातीतल्या झाडांची कोवळी फळं. म्हणजे दुकानातही आडनावाचाच घोळ. गिऱ्हाईक मागतं नाकेश्वर, मी विचारतो कुठला, तर म्हणतं आई नेहमी नेते तो. आता तुमची आई कोण मला काय माहीत.

त्यामुळे दुकानातल्या कळीवरून झाड ओळखायला जाऊ नका. आणि नागचाफा, सुरंगी, उंडी हे तिघे मात्र खरेच एका कुळातले, सगळ्यांची फुलं पांढरी आणि मधे पिवळा झुबका, म्हणून तुमच्या सासूबाईंच्या वर्णनात तिघेही बसतात. दिव्याच्या तेलाने पण भागत नाही, उंडीचं तेल पण दिव्यात घालायचे. फूल लागतं कुठे ते विचारा. सुरंगीची फुलं लहान आणि जुन्या जाड फांद्यांना चिकटून गुच्छाने, फांदीला माश्या बसल्यागत. उंडीचं फळ गोल, गोटीसारखं. नागचाफ्याचं फूल मोठं, तळहातात एकच मावतं, आणि फळाला वर टोक असतं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे पालवी विचारा.

---

डिचोलीकरीण:

पालवी!! मी नुसतं "पालवी कशी" एवढंच विचारलं आणि आई उठून बसल्या. तांबडी, म्हणाल्या. तांबडी म्हणजे गुलाबीसर तांबडी, नव्या लुगड्यासारखी, खाली लोंबणारी, आणि नंतर हिरवी होताना पानाच्या पाठीला पांढरट भुकटी असल्यासारखी. त्या लहान असताना आजी त्यांना सांगायची की झाडाला लाज वाटली म्हणून लाल झालं. फळाला टोक, हेही बरोबर. फूल तळहातावर एकच, बरोबर.

---

मसाल्याचं दुकान:

संपलं. नागचाफा. मेसुआ फेरिया.

---

निवृत्त मास्तर:

अभिनंदन. श्रीलंकेचा राष्ट्रीय वृक्ष आहे हा, मिझोरामचा राज्यवृक्षही. पश्चिम घाटाच्या सदाहरित रानातला आपला रहिवासी. इंग्रज याच्या लाकडाला लोखंडी लाकूड म्हणत, लॅटिन नावातलं फेरिया तेच, लोखंड. करवतीची पाती उगाच नाही बदलावी लागली.

---

कुळागरवाला:

आता वाईट बातमी. हा फार सावकाश वाढतो. कलमी सोनचाफ्यासारखा वर्षभरात फुलेल या आशेवर राहू नका, बियांचं रोप असेल तर फुलायला बरीच वर्षं जातील. वनखात्याच्या रोपवाटिकेत विचारून बघा, कागदावर नाव लिहून न्या, आणि घेताना चमच्यासारखं पान दिसलं की तिथूनच मागे फिरा, पान लांबट टोकदार हवं. लहान असताना थोडी सावली लागते, मागच्या कुंपणाला उन्हात भाजायला ठेवू नका. दारात लावताय तर जागा सोडून लावा, पुढे मोठा होतो.

---

डिचोलीकरीण:

मिळाला! गुडघ्याएवढा आहे, जेमतेम दहा पानं. आईंना आणण्याआधीच सांगितलं होतं की फूल यायला खूप वर्षं लागतील (त्या आता ७६ च्या आहेत, कसं सांगायचं म्हणून दोन दिवस मीच घुटमळत होते). त्या म्हणाल्या, फूल म्हाका कित्याक, सोनचाफा आहे की देवाला, पालवी येते ना लहानपणीच? येते म्हटलं. मग झालं, म्हणाल्या.

काल शेंड्याला दोन कोवळी पानं फुटली, अगदी लुगड्याच्या रंगाची. खुर्ची अंगणात हलवण्यात आली आहे आणि मला सकाळचा चहा तिथे नेऊन द्यावा लागतो.

मांद्र्याच्या ताई, हिरव्या चाफ्याचं रोप कुठे मिळेल ते कळवा, आता माझी हौस म्हणून. आणि तो बिनवासाचा नागचंपा काढायचा आहे, जागा अडते, फुलांनी भरलेला आहे, कोणाला हवा असेल तर डिचोलीला येऊन घेऊन जा, फुकट.

---

सोमवारी उपास:

मी नेतो. आमच्या हिला चाफ्याच्या वासाने डोकं दुखतं.